नळ आला, पुढे काय? गावच्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा हिशेब

(सभासद शिक्षण सदर)



एक टन ऊस पिकवायला खर्च किती येतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. बेणे, मशागत, खत, पाणीपट्टी, सोसायटीचे व्याज, सगळे बोटावर मोजून सांगता येते. पण घरच्या नळाला येणारे एक हजार लिटर पाणी कितीला पडते, असे पारावर कोणाला विचारून बघा. उत्तर मिळणार नाही. ज्याचा हिशेब कोणी ठेवत नाही ते काम कधीतरी बसकण मारते, हे सहकारात मुरलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. म्हणून या पाठात गावच्या पिण्याच्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा जमाखर्च मांडून पाहू.

१. योजना कोणाची?

पहिला गैरसमज हा, की नळयोजना 'सरकारची' आहे. बांधून देणारे सरकार असते हे खरे. पण ७३व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी आणि स्वच्छता हे विषय पंचायतींकडे सोपवण्यासाठी नोंदले आहेत. ७४व्या दुरुस्तीने शहरांसाठी तेच केले. म्हणजे टाकी, पंप आणि पाइप गावाच्या ताब्यात आले, की चालवायची जबाबदारी ग्रामपंचायतीची, पर्यायाने ग्रामसभेची, म्हणजे आपलीच.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले, तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १७ टक्के घरांत, म्हणजे ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता. २०२५ पर्यंत हा आकडा १५ कोटींच्या वर गेला. काम मोठे झाले यात शंका नाही. मुळात २०२४ ची मुदत होती, ती २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवली. पण नळ बसला म्हणजे पाणी आले असे नव्हे. माणशी रोज ५५ लिटर, शुद्ध आणि नियमित, असा या योजनेचा दंडक आहे. तो पहिल्या वर्षी पाळणे सोपे असते. दहाव्या वर्षी पाळला जातो की नाही, ही खरी परीक्षा.

२. पैसा येतो कुठून?

जगात कुठल्याही देशात जा, पाण्याच्या कामाला पैसा तीनच वाटांनी येतो. एक, वापरणाऱ्याने भरलेली पट्टी. दोन, सर्वांच्या करातून सरकारने दिलेली रक्कम. तीन, बाहेरून आलेली मदत. कर्ज ही चौथी वाट नव्हे. कर्जाने आजचे काम आज होते, पण ते फेडायचे याच तीन वाटांपैकी एकीतून. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे कर्जरोखे काढले. असे रोखे बाजारात खपतात ते ज्या पालिकेची वसुली आणि हिशेब चोख तिचेच. सोसायटीत पत कशी ठरते? तसेच हे.

खेड्यांसाठी दोन मोठे स्रोत लक्षात ठेवावेत. जल जीवन मिशनमध्ये आपल्यासारख्या राज्यात केंद्र व राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा, आणि गावांतर्गत कामाच्या खर्चात गावाचा सर्वसाधारण १० टक्के लोकवाटा (डोंगरी, जंगलातील आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांना ५ टक्के). दुसरा स्रोत पंधराव्या वित्त आयोगाचा. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी सुचवले आणि त्यातला ६० टक्के भाग बांधून ठेवला: निम्मा पिण्याचे पाणी, पाऊसपाणी साठवण व पुनर्वापर यांसाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. आपल्या ग्रामपंचायतीत हा बंधित निधी किती आला आणि कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे.

३. एका गावाचा ताळेबंद

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, गावाची वस्ती ४,००० आणि कुटुंबे ८००. माणशी ५५ लिटर म्हणजे रोज २ लाख २० हजार लिटर पाणी हवे. विहिरीच्या तळापासून टाकीच्या माथ्यापर्यंत, पाइपातले घर्षण धरून, उचल ६० मीटर. पंप आणि मोटार मिळून निम्म्या कार्यक्षमतेने चालतात असे धरू. मग रोज सुमारे ७२ युनिट वीज लागते, वर्षाला २६ हजारांवर युनिट. पुढचे दर समजण्यापुरते धरले आहेत. ते बदलून आपल्या गावचे घालावेत.

वीजबिल (७ रुपये युनिट): १,८४,००० रुपये
पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार (महिना ८,०००): ९६,००० रुपये
टीसीएल पावडर (हजार लिटरला ५ ग्रॅम, वर्षाला सुमारे ४०० किलो): २०,००० रुपये
पाइप, व्हॉल्व्ह, किरकोळ दुरुस्ती: ८०,००० रुपये
मोटार-पंप बदलण्यासाठी घसारा निधी: १,००,००० रुपये
एकूण: ४,८०,००० रुपये

८०० कुटुंबांत वाटले तर वर्षाला ६०० रुपये, महिन्याला ५० रुपये. आणि हजार लिटर पाणी पडले सुमारे ६ रुपयांना! २० लिटरचा जार जिथे दहा रुपयांना मिळतो, तिथे तेच हजार लिटर ५०० रुपयांना पडतात. कोणी म्हणेल, "पाणी देवाचं, त्याला पट्टी कसली?" पाणी देवाचे हे खरे. पण मोटार, पाइप आणि वीज देवाची नाही.

यातली शेवटची रक्कम, घसारा, बहुतेक गावे धरतच नाहीत. कारखान्यात घसारा न धरता नफा दाखवला तर वार्षिक सभेत आपणच उठून विचारू. पण गावच्या पंपाला तोच नियम लावत नाही. मग ऐन एप्रिलमध्ये मोटार जळते, वर्गणीची धावपळ सुरू होते आणि आयाबाया हंडे घेऊन शेतातल्या विहिरीवर.

४. गळती आणि थकबाकी

समजा, शंभर लिटर उपसले आणि घरी सत्तरच पोचले. तेवढेच पाणी घरोघरी द्यायचे तर रोज ३ लाख १४ हजार लिटर उपसावे लागेल. वर्षाला सुमारे ७९ हजार रुपयांची वीज नुसती जमिनीत मुरली. उताऱ्यात अर्धा टक्का घट झाली तर आपण कारखान्याला जाब विचारतो. इथे तीस टक्के घट कोणी मोजतच नाही, कारण मोजायला काटाच नाही. म्हणून टाकीच्या तोंडाशी एक मीटर आणि घरोघरी मीटर हवा.

आता वसुली. शंभरातली साठच कुटुंबे पट्टी भरतात असे धरा. जमा २,८८,००० रुपये, तूट १,९२,००० रुपये. वरच्या यादीत वीजबिल किती आहे ते पाहा: १,८४,०००. म्हणजे चाळीस घरांची थकबाकी ही जवळजवळ पूर्ण वर्षाचे वीजबिल आहे. मग कनेक्शन तुटते आणि पाणी बंद होते ते थकबाकीदाराचे एकट्याचे नव्हे, नियमाने भरणाऱ्या साठांचेही. उपसा सिंचन संस्था चालवलेल्या मंडळींना हा अनुभव नवा नाही.

गरिबाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पट्टी माफ करणे हे नव्हे, तर टप्प्याचे दर. गरजेपुरत्या पाण्याला दर कमी. गोठा, बांधकाम, हॉटेल, गाड्या धुणे यासाठी जास्त वापरणाऱ्याला पुढच्या टप्प्यात दर जास्त. मात्र यालाही मीटर लागतो. नाहीतर दोन खोल्यांची विधवा आणि बारा म्हशींचा मळेवाला यांना एकच पट्टी पडते, आणि तो अन्याय गरिबावरच होतो.

५. चोवीस तास पाणी म्हणजे चैन नव्हे

दिवसाआड तासभर पाणी सोडले की काटकसर होते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. पाणी बंद झाले की पाइपातला दाब जातो, आणि जिथे फूट असते तिथून शेजारच्या गटारातले पाणी आत ओढले जाते. पाणी सुटल्यावर पहिली धार येते ती हीच. गॅस्ट्रो आणि कावीळ येण्याची ही एक मोठी वाट आहे. शिवाय 'पुन्हा येईल न येईल' म्हणून माणूस नळाला तोटी लावत नाही, कालचे साठवलेले ओतून आजचे भरतो आणि लाइनवर मोटार लावतो.

कराडला लागून असलेल्या मलकापूरने २००८-०९ च्या सुमारास महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने चोवीस तास मीटरने पाणी द्यायला सुरुवात केली. दर टप्प्याचे ठेवले. तोट्या बसल्या, साठवण थांबली. मोठ्या शहरांच्या आधी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावाने हे करून दाखवले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

परदेशातला दाखला कंबोडियाच्या नॉमपेन शहराचा. यादवी युद्धाने मोडलेल्या या शहरात १९९३ साली शंभरातले ७२ लिटर पाणी गळत होते किंवा चोरीला जात होते. तिथल्या सरकारी पाणीसंस्थेची सूत्रे एक सॉन चॅन या अभियंत्याकडे आली. परदेशी मदतीतून पाइप बदलले, प्रत्येक जोडणीला मीटर लावला, गरिबांना जोडणीत सवलत दिली आणि बड्यांना सवलत दिली नाही. एका लष्करी अधिकाऱ्याकडे मीटर बसवायला गेले तेव्हा त्यांच्यावर पिस्तूल रोखले गेले, तरी मीटर बसला. २०१० च्या सुमारास तूट ६ टक्क्यांवर आली आणि पाणी चोवीस तास झाले. संस्था सरकारीच राहिली, फक्त तिला आपला कारभार आणि हिशेब स्वतः पाहण्याची मोकळीक १९९६ पासून मिळाली. एक सॉन चॅन यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खाजगीकरणावाचून सुधारणा होत नाही म्हणणाऱ्यांनी, आणि सरकारी असले की फुकटच हवे म्हणणाऱ्यांनीही, हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

६. वापरलेले पाणी जाते कुठे?

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. आपल्या हिशेबातल्या गावात हे रोज १ लाख ७६ हजार लिटर झाले. नळाचे उद्घाटन होते, गटाराचे होत नाही. म्हणून हे पाणी रस्त्यावरून ओढ्याला, ओढ्यातून नदीला आणि नदीतून खालच्या गावच्या जॅकवेलला जाते. आपण वरच्याचे पितो आणि खालच्याला आपले पाजतो.

शहरांची कथा मोठी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या पाहणीप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते. प्रक्रिया प्रत्यक्षात होत होती २०,२३५ दशलक्ष लिटरवर, म्हणजे शंभरातल्या २८ लिटरवर. बांधलेली क्षमता मात्र ३१,८४१ दशलक्ष लिटरची होती. बांधायला पैसा मिळाला, चालवायला मिळाला नाही! पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, ती विसरू नये.

यात आपला, शेतकऱ्यांचा आणि कारखानदारीचाही वाटा आहे. केंद्राच्या २०१६ च्या नियमाप्रमाणे साखर कारखान्याला गाळलेल्या टनामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर सोडता येत नाही. पूर्वी ही मर्यादा ४०० लिटरची होती. उसातच सुमारे ७० टक्के पाणी असते, ते फिरवून वापरले तर हे जमते. आणि शेतात गरजेपेक्षा जास्त पडलेला युरिया पाटपाण्याबरोबर विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, कारण तान्ह्या मुलांच्या रक्ताला त्याचा धोका असतो. पाणी उकळून नायट्रेट जात नाही.

उपाय फार महागडे नाहीत. परड्यात जागा असेल तिथे शोषखड्डा आणि परसबाग. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे आणि डास दोन्ही हटवले. मात्र काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही आणि विहिरीजवळ खड्डा घेऊ नये. अशा गावाला बंद गटार आणि शेवटी स्थिरीकरण तळे बरे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात (२०२० पासून) सांडपाण्याच्या कामाला ५,००० पर्यंत वस्तीच्या गावांस माणशी २८० रुपये आणि त्यावरील गावांस ६६० रुपये अशी तरतूद ठेवली गेली. आपल्या ४,००० वस्तीच्या गावाला हे ११ लाख २० हजार होतात. सांडपाण्यातून उत्पन्नही होते: नागपूर महानगरपालिकेचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राने घेतले. तेवढे गोडे पाणी वाचले.

७. सभासदांनी काय करावे?

(१) पाणीपट्टीची जमा आणि खर्च वेगळ्या खात्यावर ठेवून दर तिमाहीस फलकावर लावण्याचा ठराव ग्रामसभेत मांडावा.
(२) वसुली नव्वद टक्क्यांवर नेण्याची सुरुवात पुढाऱ्यांच्या घरापासून करावी.
(३) घसारा निधी बँकेत वेगळा ठेवावा, जत्रेला वापरू नये.
(४) टीसीएल कोरड्या जागी झाकून ठेवावी. शेवटच्या घराच्या नळावर रोज ओटी टेस्ट घ्यावी. तिथे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे.
(५) माती परीक्षणाप्रमाणेच खत द्यावे.
(६) नवीन नळाचा ठराव येईल तेव्हा 'सांडपाण्याचे काय?' हा प्रश्न त्याच सभेत विचारावा.

आपल्या वाडवडिलांनी दहा-दहा रुपये गोळा करून कारखाने आणि उपसा योजना उभ्या केल्या. तेव्हा अनुदान मिळेल का, हा प्रश्न त्यांनी पहिला विचारला नाही. आधी हिशेब मांडला, मग सरकारकडे हक्काने गेले. गावच्या पाण्याला तीच रीत लागू आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावात हजार लिटर पाणी कितीला पडते? वरील तक्त्यात आपले आकडे घालून काढा.
२. गेल्या वर्षी पाणीपट्टीची मागणी किती होती आणि वसुली किती झाली?
३. आपल्या गल्लीचे सांडपाणी शेवटी कुठे जाते? एकदा ओढ्यापर्यंत चालत जाऊन पाहा.