आवाज छताला लागतो तेव्हा

१ जानेवारीला मी आणि माझा रूममेट कोरेगाव भीमाला गेलो होतो. १८१८ च्या लढाईचा विजयस्तंभ नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत आहे, आणि १९२७ साली याच तारखेला बाबासाहेब तिथे आले होते. रस्त्याकडेला एक आजी भीमगीतं गात होत्या. "वही नाही बाळा, सगळं डोक्यात," म्हणाल्या. आम्ही रेकॉर्डर पुढे धरला आणि गर्दीच्या गोंगाटात काही सुटू नये म्हणून गेन पूर्ण वाढवला. होस्टेलवर हेडफोन लावले, तर वरच्या सुराला नुसती खरखर!

मित्रहो, १६ बिटांच्या फाईलमध्ये प्रत्येक नमुना −३२७६८ ते ३२७६७ याच हद्दीत बसतो. त्याहून मोठी लाट आली की तिचा माथा सपाट होतो. हेच क्लिपिंग. किती ओळी वाया गेल्या हे कळावं म्हणून आम्ही सी मध्ये प्रोग्रॅम लिहायला बसलो. वाटलं, तासाभराचं काम. गेले चार रविवार.

छताला टेकलेला एकटा नमुना म्हणजे क्लिपिंग नव्हे, लाट तिथपर्यंत नुसती पोचलेलीही असू शकते. म्हणून सलग तीन किंवा जास्त टेकले तरच नोंद घ्यायची असं ठरवलं. सेकंदाला ४४१०० नमुने, म्हणजे तीन नमुन्यांना जेमतेम ६८ मायक्रोसेकंद. तरी खालच्या बाजूची क्लिपिंग एकही सापडेना! चूक भलतीकडेच होती. −३२७६८ चं धन रूप ३२७६८, ते १६ बिटांच्या शॉर्टमध्ये मावत नाही आणि उलटून परत −३२७६८ होतं. इंट वापरला नि काम झालं. (व्हायवाला विचारतील, लक्षात ठेवा.)

खरी पंचाईत पुढे. मित्राने तीच फाईल आवाज कमी करून दिली. सपाट माथे तसेच, पण आता २४००० वर. प्रोग्रॅम म्हणतो, "दोष शून्य." कानाला मात्र खरखर स्पष्ट. तेव्हा ठरलेल्या आकड्याऐवजी त्या फाईलचा स्वतःचा सर्वोच्च आकडा शोधून त्याच्या आसपासचे सपाट तुकडे तपासायला लागलो. एमपीथ्री केल्यावर माथे खडबडीत होतात, म्हणून थोडी सूट ठेवावी लागते. आणि भोंग्याच्या ॲम्प्लिफायरमध्येच आवाज फाटला असेल तर हवेतून येईपर्यंत माथा सपाट राहत नाही. तिथे ही युक्ती चालत नाही. रिपोर्टमध्ये आम्ही तसं लिहूनच टाकलं.

पहिला रिपोर्ट हजारो ओळींचा आला, कोण वाचणार? आता ५० मिलिसेकंदांच्या आतले दोष एकत्र करून वेळ, चॅनल आणि सर्वांत लांब सपाट तुकडा एवढंच छापतो. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर मिळतं, पण ते गेलेला माथा अंदाजाने भरतं. तो आजींचा सूर नव्हे. म्हणून मूळ फाईल तशीच ठेवली आहे, शेजारी रिपोर्ट.

त्यानुसार सहापैकी दोन कडवी गेलीत. पुढच्या १ जानेवारीला आजी भेटल्या तर तेवढीच दोन परत मागायची, गेन −१२ डेसिबलला ठेवून, म्हणजे लाटेची उंची छताच्या पाव.