मीटिंग कुठं भरते, ते विचारा

लाखनीसारख्या तालुक्याच्या गावात दारूचं दुकान कुणाला विचारावं लागत नाही. दारू सोडलेल्यांची मीटिंग मात्र शोधावी लागते, आणि शोधायची म्हणजे घरातलं दुखणं परक्याच्या कानावर घालावं लागतं. माझे पती रोज पिणारे. त्यांच्यासाठी जी धावाधाव झाली, त्यातलं इतरांच्या कामाचं तेवढं सांगते. नाव देत नाही, कारण त्यांच्या गटात नाव गुप्त राखतात आणि ते माझ्यामुळे उघड होऊ नये.

आधी दोन गोष्टींपासून सावध करते. ‘भाजीत मिसळून द्या वहिनी, त्यांना कळणारही नाही,’ असं म्हणत एकानं मला पुडी विकायला आणली. पुडीवर ना नाव, ना आत काय आहे त्याचा पत्ता. मी घेतली नाही. दारू सोडवायला डॉक्टर डायसल्फिराम नावाची गोळी देतात. ती पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, क्वचित जीवही जातो. म्हणून ती रुग्णाला सांगून, तपासण्या करूनच देतात. चोरून काही देऊ नका, मग विकणारा कितीही देवमाणूस वाटो.

दुसरा धोका याहून मोठा. ‘दोन दिवस कोंडून ठेवा, आपोआप सुटेल,’ हा सल्ला घरोघरी मिळतो. यांनी स्वतःहूनच एकदम बंद केली. पुढच्या रात्री अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते आणि भिंतीवर मुंग्यांची रांग दिसते म्हणून ते हातानं भिंत पुसत राहिले. भिंत कोरी होती. शेजारचे म्हणाले, बाहेरचं लागलं, जाणत्याला बोलवा. दिरानं ऐकलं नाही, गाडी करून सरळ दवाखान्यात नेलं. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो. यात माणूस दगावतोसुद्धा. तेव्हा आधी डॉक्टर, मग मीटिंग. गट हा उपचाराच्या जागी नाही, उपचारानंतरच्या जन्मभराच्या सोबतीसाठी आहे.

ही सोबत १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन पिणाऱ्या माणसांच्या भेटीतून सुरू झाली. त्यातला एक डॉक्टर होता. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., भारतात आली १९५७ साली. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. फी नाही, जातधर्म विचारत नाहीत, बाहेरच्यांची देणगीही घेत नाहीत. मीटिंगच्या नावाखाली कुणी हजारो रुपये मागत असेल, तर ती ए.ए. नव्हे.

आम्ही गेलो नागपूरला, लाखनीहून ऐंशीएक किलोमीटर. निघण्यापूर्वी फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या: मीटिंग खुली आहे की बंद, आणि ती सुटते किती वाजता. बंद मीटिंगमध्ये घरच्यांना बसता येत नाही. संध्याकाळची मीटिंग आटोपून परतीची एसटी मिळाली नाही, तर स्टँडवर अडकलेल्या माणसासाठी ती रात्र फार अवघड असते. आमची मीटिंग शाळेच्या वर्गात होती, बाकं अर्धगोलात लावलेली. चहा देणाऱ्या भाऊंनी यांच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता कप अर्धाच भरला. मग एकेक जण उठून स्वतःचं नाव सांगे, आपण दारुडे आहोत म्हणे आणि स्वतःचंच बोले. मधे कुणी बोलत नव्हतं, उपदेश करत नव्हतं. यांना पहिल्या दिवशी ते पटलं नाही. दुसऱ्या गटात पटलं. एका मीटिंगवरून निकाल लावू नका.

शोध कुठून सुरू करायचा? ए.ए.च्या भारतातल्या हेल्पलाइनवर जवळच्या गटाची जागा आणि वेळ सांगतात. सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक १४४४६ आहे. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी उभारलं. तिथं पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. ए.ए.सारखाच कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. नवऱ्यानं पाऊल उचललं नाही तरी बाईनं तिथं जावं, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या पिण्याला आपण कारणीभूत नाही, हे मला दुसऱ्या बायांच्या तोंडून ऐकल्यावरच खरं वाटलं.

आपल्या भंडाऱ्याकडे बाबा जुमदेवजींच्या ‘परमात्मा एक’ मार्गानं कितीतरी घरांतली दारू थांबली आहे. ज्याला तो मार्ग जवळचा वाटतो, त्यानं तो धरावा. तिथंही माणसाला माणूसच सावरतो. पण अंगाला कंप सुटला असेल, तर तिथं जाणाऱ्यानंही आधी दवाखाना गाठावा.

ए.ए.च्या रीतीप्रमाणे दारू सोडू पाहणारे दोघं-तिघं एकत्र बसले, तरी त्याला गट म्हणता येतं. लाखनीत, साकोलीत, मुरमाडीत असे दोघं नक्कीच असतील. ज्यांच्या हाती शाळेचा वर्ग, समाजमंदिर किंवा घरची रिकामी खोली असेल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: आठवड्यातून एक तास ती उघडून द्या आणि आत कोण बसलं, ते विचारू नका.