पांगाऱ्याचे बन

दक्षिण अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर उरुग्वे नावाचा एक लहानसा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक. परंतु लोकसंख्या अवघी ३५ लाखांच्या आसपास. शहर मागे पडले, की दूरवर कुरणे, गाईमेंढ्यांचे कळप आणि मधूनच एखादी चिमुकली शाळा. तेथील पाणथळ जागी 'सेइबो' नावाचा वृक्ष तांबड्या फुलांनी बहरतो. आपल्या पांगाऱ्याचा हा जवळचा आप्त होय. त्याचे फूल हे उरुग्वेचे राष्ट्रीय फूल आहे. सेइबोच्या बनाला स्पॅनिश भाषेत 'सेइबाल' म्हणतात. आणि शाळेतील मुलांच्या हाती संगणक देण्याच्या योजनेसही त्या देशाने हेच नाव दिले.

योजनेचा आरंभ मे २००७ मध्ये व्हिया कार्दाल या छोट्या गावी झाला. तेथील शाळेत प्रत्येक मुलाला स्वतःचा संगणक मिळाला. पांढऱ्या-हिरव्या रंगाचा, उचलायला मूठ असलेला. उघडला म्हणजे दोन कान ताठ करून बसलेल्या सशासारखा दिसे! हे कान म्हणजे बिनतारी संदेश झेलण्याची साधने. भर उन्हातही त्याच्या पडद्यावरील अक्षरे वाचता येत. २००९ सालच्या अखेरीपर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील साडेतीन लाखांहून अधिक मुलांच्या हाती असे संगणक पोहोचले. श्रीमंताचे मूल आणि गुराख्याचे मूल यांच्या हाती एकच वस्तू आली, ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

संगणक घरी नेण्याची मुभा होती. पण घरोघरी इंटरनेट कोठून असणार? म्हणून सायंकाळी मुले शाळेच्या आसपास किंवा गावच्या चौकात जमत आणि मांडीवर संगणक घेऊन बसत. ही झाली कौतुकाची बाजू. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यंत्रे पडत, फुटत, बंद होत. दुरुस्तीचे माणूस गावोगावी फिरवावे लागे. आणि २०१४ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी तपास केला, तेव्हा संगणकामुळे मुलांच्या वाचनात व गणितात म्हणण्यासारखी वाढ झाल्याचे आढळले नाही. यंत्र घरात आले, एवढ्याने विद्या आली नव्हती.

मात्र २०१२ साली सुरू केलेला एक प्रयोग निराळा होता. उरुग्वेत मुलांना इंग्रजी शिकवायचे होते, परंतु ती भाषा जाणणारे शिक्षक पुरेसे नव्हते. तेव्हा वर्गातील मोठ्या पडद्यावर दूरचे शिक्षक येऊ लागले. कोणी शेजारच्या अर्जेंटिनातून बोले, तर कोणी थेट फिलिपाइन्समधून. उरुग्वेत सकाळचे दहा वाजलेले असत, तेव्हा तिकडे रात्रीचे नऊ! दूरच्या बाई आठवड्यातून एक तास शिकवीत. उरलेले तास वर्गातील बाईंनीच घ्यायचे. आणि त्यांना स्वतःला बहुधा इंग्रजी येत नसे.

मग त्यांचा उपयोग काय, असे कोणासही वाटेल. पण पडद्यावरून पाहणारीला मागच्या बाकावरचे अबोल मूल कसे दिसावे? कोण लाजते, कोणाला कळले नाही, कोणाला मायेचा शब्द हवा, हे जवळच्या बाईंनाच ठाऊक. म्हणून पाठाआधी दोघींनी विचारविनिमय करायचा, अशी रीत ठेवली होती. शिवाय जवळच्या बाई मुलांबरोबर नवे शब्द म्हणत, चुकत आणि पुन्हा म्हणत. शिक्षिकेला शिकताना पाहण्याचे भाग्य मुलांना एरवी क्वचितच लाभते.

पुढे मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. अनेक देशांत धावपळ उडाली. उरुग्वेत मात्र मुलांजवळ संगणक होते, धडे पाठवण्याची वाट तयार होती. तरीही पहिली संधी मिळताच, २२ एप्रिल रोजी, त्या देशाने आपल्या खेड्यांतील शाळांची दारे उघडली. या शाळा अगदी लहान. कित्येकींत एकच शिक्षिका आणि बोटांवर मोजण्याइतकी मुले. यावे की न यावे हे पालकांच्या इच्छेवर सोपवले होते. शहरांतील शाळांची पाळी जूनमध्ये आली.