महागुरूंचे घर कोणासाठी?



संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला, ३ डिसेंबरला, जुन्या गोव्याला जाणारे भाविक बॉम जेझस बॅसिलिका पाहतात, समोरचे से कॅथेड्रल पाहतात आणि परततात. कॅथेड्रलला लागून असलेल्या जुन्या भव्य इमारतीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. तो आर्चबिशपांचा पूर्वीचा राजवाडा. "प्रभूला डोके टेकायला जागा नव्हती, मग महागुरूंना राजवाडा कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर त्या घराच्या इतिहासातच आहे.

पोप तिसरे पॉल यांनी १५३४ साली गोवा धर्मप्रांत स्थापिला. पुढे त्याचे महाधर्मप्रांतात रूपांतर झाले आणि पहिले आर्चबिशप गास्पार द लियाव १५६० साली गोव्यात आले. त्या काळी युरोपात कित्येक महागुरू आपल्या धर्मप्रांतात राहतच नसत. म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली बजावले, की महागुरूंनी आपल्या लोकांत राहावे. घरातले सामान साधे असावे, जेवणही साधे असावे. पोर्तुगीज सत्तेच्या थाटामाटात दुसऱ्या गोष्टीचा अनेकदा विसर पडला, हे मान्य करायला हवे.

पुढे साथीच्या रोगांनी ते वैभवशाली शहर ओस पडले. १७५९ साली व्हाइसरॉय पणजीला गेले, १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. आर्चबिशपांचे निवासस्थानही कालांतराने पणजीच्या आल्तिनो टेकडीवर आले. १९८६ साली पोप दुसरे जॉन पॉल गोव्यात आले, तेव्हा त्यांचा मुक्काम तेथेच होता. धर्मप्रांताची कचेरीही तेथेच आहे.

यातून काय शिकावे? राजवाडा जागीच राहिला, माणसे निघून गेली. तेव्हा मेंढपाळालाही माणसांमागे जावे लागले. घराला अर्थ येतो तो भिंतींनी नव्हे, तेथील उपस्थितीने. आजच्या धर्मसभा कायद्यातील ३९५ वे कलम महागुरूंना धर्मप्रांतात राहण्याचे बंधन घालते, आणि ५३३ वे कलम आम्हा धर्मगुरूंना चर्चजवळच्या घरात. म्हणजे माझी खोलीही माझी नव्हे. आजाऱ्याच्या अभ्यंगासाठी मध्यरात्री कोणी दार ठोठावले आणि ते उघडले नाही, तर माझ्या छोट्या खोलीचाही राजवाडाच झाला.

चिंतनासाठी: माझ्या घराचे दार गरजवंताला उघडे आहे का?