‘कॅथेटर काढले’ एवढेच लिहू नये

सेवानिवृत्तीनंतर हैदराबादेतील एका मेडिकल कोडिंग कार्यालयात मी शल्यचिकित्सेचा सल्लागार म्हणून जाऊ लागलो. आपल्या समाजातील काही तरुण-तरुणीही तेथे आहेत. अमेरिकेतील शस्त्रक्रियांचे अहवाल वाचून त्यांना सांकेतिक क्रमांक देणे, हे त्यांचे काम. त्यांतील सीपीटी ही शस्त्रक्रियांची क्रमांकावली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली प्रथम प्रसिद्ध केली. या क्रमांकांवरच तेथील विमा कंपनी बिल चुकते करते.

डायलिसिसचे कॅथेटर काढण्याचे उदाहरण घेऊ. मानेतील तात्पुरते कॅथेटर टाके कापून ओढून काढले, तर त्यास स्वतंत्र क्रमांक नाही. ते तपासणीतच धरले जाते. दीर्घकाळासाठीचे कॅथेटर मात्र त्वचेखालील बोगद्यातून नेलेले असते. त्याच्या कफभोवती ऊती रुजतात, म्हणून कफ मोकळा करूनच ते काढावे लागते. त्यास ३६५८९, त्वचेखाली पोर्ट असल्यास ३६५९०. पोटातील टनेल्ड कॅथेटर काढण्यास ४९४२२. जुन्याच मार्गाने टनेल्ड कॅथेटर बदलल्यास ३६५८१ हा एकच क्रमांक, कारण काढणे त्यातच आले. नवे कॅथेटर दुसऱ्या शिरेतून बसविल्यास काढणे व बसविणे वेगवेगळे नोंदवावे. गरज संपली की जंतुसंसर्ग झाला, यावर निदानाचा क्रमांकही बदलतो.

एके दिवशी एका मुलीने विचारले, “काका, अहवालात ‘कॅथेटर काढले’ एवढेच आहे. ते टनेल्ड होते का?” अनुमानाने क्रमांक देता येत नाही, तो अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे परत पाठवावा लागला.

त्या क्षणी मला माझेच एक डिस्चार्ज कार्ड आठवले. त्यावरही हेच दोन शब्द होते. काही महिन्यांनी त्या रुग्णाच्या छातीवरील जखम वाहू लागली. परगावच्या डॉक्टरांनी दूरध्वनीवरून विचारले, “कफ आत राहिला आहे काय?” मला आठवेना, आणि कागद मुका होता. जखम पुन्हा उघडावी लागली; कफ तेथेच होता. तेथे बिलाचा प्रश्नच नव्हता. माझ्या आळसाची किंमत रुग्णाने मोजली.

म्हणून तरुण सहकाऱ्यांना नम्र विनंती, की कॅथेटरचा प्रकार, काढण्याचे कारण, कफ पूर्ण निघाला की नाही आणि रक्तस्राव कसा थांबविला, एवढे अवश्य लिहावे. त्यास दोन ओळी पुरतात.