आवाजाने स्पीकर साफ होतो का?

प्रश्न : पावसात फोन भिजल्यापासून स्पीकर घोगरा वाजतो. ठरावीक आवाज वाजवला की पाणी, धूळ दोन्ही निघतात म्हणे. खरं का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : पाण्यापुरतं बऱ्यापैकी खरं. साधारण १६५ हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाने स्पीकरचा पडदा जोरात मागेपुढे हलतो आणि जाळीत अडकलेले थेंब बाहेर उडतात. ॲपल वॉचमध्ये तर ही सोय कंपनीनेच दिली आहे. जाळी खाली धरून अर्धा मिनिट वाजवा, थांबा, पुन्हा वाजवा. तासभर नको. चिकटलेली धूळ मात्र याला दाद देत नाही. तिला कोरडा, मऊ ब्रश. सुई नको, आणि फोन सुकवायला तांदळाचा डबा तर नकोच, तांदळाचे कण आत जातात. चार्जिंगच्या खाचेत ओल असेपर्यंत चार्जर लावू नका. दोन दिवसांनीही घोगरेपणा राहिला, तर दुरुस्तीवाल्याला दाखवा; बहुतेकदा स्पीकर सुटा बदलता येतो.