मोशेचे हात जड झाले तेव्हा

शास्त्रपाठ : निर्गम 17:8-13. (मंडळीत हा भाग मोठ्याने वाचून मग पुढील पाठ घ्यावा.)

रफीदीम येथील लढाईचा वृत्तांत आमच्या वाचकांस परिचित आहे. मोशेचे हात वर असत तोवर इस्राएलाची सरशी होई, आणि ते खाली आले म्हणजे अमालेकाची. या भागावरून उपदेश करणारे बहुधा प्रार्थनेच्या सामर्थ्याविषयी बोलतात, व ते योग्यच आहे. परंतु मोशेचे हात जड झाले, या साध्या गोष्टीकडे लक्ष जावे तितके जात नाही. देवाशी मित्राप्रमाणे बोलणारा तो पुरुष, पण सूर्यास्तापर्यंत हात धरून ठेवणे एकट्याच्याने होईना. शास्त्र त्याला याबद्दल दोष देत नाही.

माळशिरस तालुक्यातील आमच्या एका भगिनीमुळे हा भाग आम्हांस नव्याने वाचावा लागला. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असल्याचे कळले व उपचार बार्शीस घ्यावयाचे ठरले. तेथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण लोकांतील कर्करोगाची नोंद ठेवण्याचे भारतातील पहिले काम 1987 साली बार्शीसच सुरू झाले, आणि गावोगावी जाऊन माहिती सांगितल्यामुळे त्या भागातील स्त्रिया आजार बळावण्यापूर्वी तपासणीस येऊ लागल्या.

या आजारात आठवड्यातून पाच दिवस किरणांचा शेक देतात, असे सुमारे पाच आठवडे चालते. त्याच काळात आठवड्यातून एकदा सलाईनमधून केमोचे औषध, आणि पुढे आतून द्यावयाचा शेक. हे सर्व आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे असा डॉक्टरांचा कटाक्ष असतो, कारण मध्ये खंड पडल्यास रोगाच्या पेशींना पुन्हा वाढावयास अवसर मिळतो व घेतलेल्या उपचाराचा गुण कमी होतो. तेव्हा पहिल्या दिवसाचा धीर एवढ्याने भागत नाही. चौथ्या आठवड्यातही हात वर राहिले पाहिजेत.

आणि चौथ्याच आठवड्यात ती खचली. जुलाब, मळमळ, दोन पावले चालताच येणारा थकवा, यांनी ती अगदी गळून गेली होती. रविवारी घरी आली ती म्हणाली, "आता पुरे. सोमवारी मी जात नाही." आम्ही भेटीस गेलो आणि विश्वासाने खडकासारखे स्थिर राहण्याविषयी तिला पुष्कळ सांगितले. तिने मुकाट्याने ऐकून घेतले, आणि मग म्हणाली, "पाळकसाहेब, मला प्रार्थनासुद्धा सुचत नाही. तुम्हीच करा." अहरोनाने मोशेचे हात धरावयाचे सोडून त्याला हात वर ठेवण्याचा उपदेश केला असता तर काय झाले असते? आम्ही त्या दिवशी नेमके तेच करीत होतो.

हात धरले ते तिच्या थोरल्या जावेने. पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांत वर्षभर अबोला होता. ती संध्याकाळी आली, आजाराविषयी काही बोलली नाही, पिशवीत कपडे भरू लागली आणि म्हणाली, "उद्या मी येते तुझ्याबरोबर. आणखी दहा दिवस आहेत ना? दहाच मोजायचे." दिराने तिच्या शेळ्या व उसाचे पाणी पाहण्याचे अंगावर घेतले. अकलूज, टेंभुर्णी, कुर्डुवाडी करीत रोजची ये-जा शक्यच नव्हती, म्हणून मुलाने रुग्णालयाजवळ एक खोली पाहिली. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तालुक्यातून जाते तेव्हा रस्ते वळविलेले असतात. त्या दिवसांत दोघी जावा बार्शीसच राहिल्या, त्यामुळे एकही शेक चुकला नाही.

बाराव्या वचनातील धोंड्याकडेही पाहावे. मोशेचे हात धरण्याआधी त्यांनी त्याच्या बुडाखाली धोंडा आणून ठेवला. पाय लटपटत असलेल्यास प्रथम बसावयास जागा पाहिजे, हे कोणाच्या तरी ध्यानात आले. आमच्या प्रचारक बंधूंनी असे धोंडे शोधावेत. शिधापत्रिका घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात काय, ते रुग्णालयातच विचारावे. मुंबईस टाटा रुग्णालयात जाणाऱ्या रोग्यास व सोबतच्या एका माणसास रेल्वेच्या भाड्यात सवलत असते, त्याचा कागद करून घ्यावा. केमो चालू असता अंगात ताप भरला, तर प्रार्थनासभेची वाट न पाहता त्याच घटकेस डॉक्टरांकडे न्यावे. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात व साधा तापही जिवावर बेततो.

कोणी ताट-तांब्या वेगळा ठेवील, त्याला सांगावे की हा आजार स्पर्शाने लागत नाही. कोणी कुजबुजेल की हे कोणत्या पापाचे फळ. त्याने योहान 9 चा आरंभ वाचावा. आणि औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे ज्यांस वाटते त्यांनी 2 राजे 20 पाहावे. हिज्कीयाला बरे करण्याचे वचन देवाने दिले होते, तरी यशयाने अंजिरांचा लेप लावविलाच.

आमच्या भगिनीचे शेक पुरे झाले आहेत. तथापि पहिली दोन वर्षे दर काही महिन्यांनी तपासणी असते, आणि तारीख जवळ आली की आठवडाभर तिला झोप नसते. गेल्या खेपेस आम्ही तिला धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. ओसरीवर बसून निर्गमाचा हाच भाग वाचला. वाचून झाल्यावर थोरली जाऊ म्हणाली, "हूर कोण होता हो?" आम्ही सांगितले की शास्त्रात त्याच्याविषयी फार थोडे आहे. ती हसली आणि बार्शीच्या पहिल्या गाडीची वेळ विचारावयास मुलाला स्थानकावर पाठविले.